एका सुतात

रोज गिरणीत जाणाऱ्याला गिरणीचा आवाज ऐकूच येत नाही; तो बिघडला की तेवढा येतो. खटका दाबला की पट्टे क्षणभर चिरकतात, मग चक्की वेग धरते आणि तो चिरका सूर घरघरीत विरून जातो. आमच्या आळीतल्या गिरणीत तो विरेनासा झाला होता. ज्वारीचं दळण पडलं की पट्टे पुन्हा कण्हायला लागत. गिरणीवाल्याचं निदान तयार होतं : ‘‘हल्लीच्या रबरात दमच नाही.’’ पट्टे बदलून झाले होते, दुखणं तसंच होतं.

मिस्त्री आले ते पट्ट्यांकडे न बघता खाली बसले. जाळी काढली, पुलीखालच्या फरशीवरून बोट फिरवलं. गिरणीत सगळंच पांढरं असतं. भिंती, कोळिष्टकं, गिरणीवाल्याच्या भुवया. बोट मात्र काळं होऊन वर आलं. ‘‘मालक, तुम्ही रबर दळताय,’’ ते म्हणाले.

पट्टा खाचेच्या तळावर टेकून धावतो, असं बघणाऱ्याला वाटतं. तसं नसतं. ‘बी’ मापाचा व्ही-पट्टा वरून १७ मिलिमीटर रुंद, ११ मिलिमीटर जाड आणि खाली निमुळता. ताण बसला की तो खाचेत पाचरीसारखा रुततो आणि दोन्ही कुशींनी पुलीला धरतो. तळाशी त्याचा संबंधच नाही. खाचेचा तळ चकाकू लागला, तर कडा झिजून पट्टा खाली बसलाय आणि पकड गेलीय, असं खुशाल समजावं. आणि दोन पुल्या एकमेकींसमोर सरळ नसल्या, तर पट्टा प्रत्येक फेऱ्याला एका कुशीने घासत खाचेत शिरतो. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरीवर हे दिवसभर चालतं. वाकडी असते मोटर, मरतो पट्टा, आणि शिव्या खातो रबरवाला.

व्ही-पट्ट्याआधीच्या चपट्या पट्ट्याची जात निराळी. मुंबईत कावसजी दावरांची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली, त्या काळातल्या कारखान्यांत छताखालून एक लांबच लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून यंत्रायंत्रांवर पट्टे उतरलेले असायचे. चपट्या पट्ट्याच्या पुलीला खाच नसते. उलट ती मध्यभागी किंचित फुगीर ठेवतात. फुगवट्यावरून पट्टा घरंगळायला हवा, असं कुणीही म्हणेल. तो मात्र चढ चढून बरोबर माथ्यावर येतो आणि तिथेच राहतो. उतारावर टेकलेला पट्टा किंचित वाकतो, त्यामुळे मागून येणारा भाग थोडा वरच्या अंगाला पडतो. असं करत करत तो माथा गाठतो. कारण समजल्यावरही माझं नवल काही ओसरलेलं नाही. अर्थात या फुगवट्याने थोडी चूक पोटात घातली, तरी शाफ्ट तिरके असतील तर पट्टा उतरतोच. चालत्या शाफ्टवर मोकळा पट्टा लोंबत ठेवू नये, असं १९४८ च्या कारखाने कायद्यात स्वतंत्र वाक्य होतं. इतकी बारीक गोष्ट कायद्यात लिहावी लागली, यातच काय ते समजावं.

मिस्त्रींनी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला. मग निघालं सूत. चक्कीच्या मोठ्या पुलीच्या दोन्ही कडांना टेकवून त्यांनी ते मोटरीच्या पुलीपर्यंत ताणलं. चार ठिकाणी सूत टेकलं तर काम झालं. इथे तीनच ठिकाणी टेकलं. चौथ्या कडेशी उजेडाची एक फट. दोन्ही कडांशी सारखी फट असती, तर पुली शाफ्टवर पुढेमागे सरकवून भागलं असतं. एकाच कडेशी फट म्हणजे मोटरच तिरकी. शिवाय दोन पुल्यांच्या कडा सारख्या जाडीच्या नसतील, तर कडेला सूत धरून फसगत होते. खाचेचा मध्य खाचेच्या मध्यासमोर यायला हवा. पुष्कळ जण नेमके इथे घाई करतात.

नट ढिले झाले. मोटरीचा मागचा पाय हातोडीच्या हलक्या टोल्याने केसभर सरकला. पुन्हा सूत. नट आवळले, तर आवळताना मोटर पुन्हा फिरली, पुन्हा सूत. एका पायाखाली पत्र्याची पट्टी सरकवली, पाणसळ ठेवली, पुन्हा सूत. कुणी बोलत नव्हतं. दळणाचे डबे रांगेत होते, माणसं पायरीवर बसली होती. या कामाला घाई करता येत नाही, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं.

शेवटी ताण. पुल्यांत मीटरभर अंतर असेल तर ठरावीक जोराने दाबल्यावर पट्टा मध्यावर साधारण १६ मिलिमीटर दबावा, असं कोष्टक सांगतं. मिस्त्रींचं कोष्टक त्यांच्या अंगठ्यात होतं. पट्टा सैल राहिला तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. तीन खाचांतले तिन्ही पट्टे एकदमच बदलायचे, एक नवा आणि दोन जुने असला संसार करायचा नाही, हेही त्यांनी बजावलं.

तेव्हा पुढच्या वेळी पट्टा चिरकला, तर दुकानाची वाट धरू नका. वीज तोडा, फ्यूज आपल्या खिशात ठेवा आणि आधी सूत लावून बघा. बरेचदा पट्ट्याचा काही दोष नसतो.