चोर बाजारातील चार दारे

३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून बाद झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे हळहळीचे लेख आले. हळहळ करायला पैसे पडत नाहीत. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी जन्मली. १९६४ साली ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचे नाव मिरवू लागली. टॅक्सी गेली, पण दादर-पार्ल्याच्या जुन्या इमारतींच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेल्या घरगुती पद्मिनी अजून आहेत. त्यांतली एक माझ्या मावशीची.

तिचे इंजिन ठणठणीत आहे. गेला तो आतला शृंगार. चारही दारांच्या आतल्या पाट्या पापडासारख्या फुगलेल्या, रेक्झिन कडेने सुटून लोंबणारे. एका गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा जो अंदाज दिला, तो भंगारवाल्याने पुऱ्या गाडीला दिलेल्या भावाहून अधिक होता! मावसभावाने हिशेब मांडला आणि दिवाळीपूर्वी गाडी काढायची असे ठरवून टाकले. मावशी काही बोलली नाही. नुसती उठून आत गेली. यजमान गेल्यापासून ती त्या गाडीखेरीज दुसऱ्या वाहनात सुखाने बसलेली नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून मौलाना शौकत अली मार्गाने दोन टाकीच्या दिशेने चालत गेले की मटण स्ट्रीट लागते. हाच चोर बाजार. मुळात हा 'शोर बाजार', साहेबाच्या जिभेवर त्याचा 'चोर' झाला, अशी एक कथा सांगतात. खरी असो वा नसो, शोर मात्र आजही भरपूर आहे. शुक्रवारी रस्त्यावरच दुकाने मांडतात. एकीकडे भोंग्याचे ग्रामोफोन, झुंबरे, सिनेमाची जुनी पोस्टरे. दुसरीकडे काळ्या तेलाने माखलेले गियरबॉक्स, हेडलाइटच्या कड्या, दारांच्या मुठी. भेंडीबाजाराच्या बाजूने उंच इमारती उठल्या आहेत. त्यांच्या सावलीत एक वृद्ध दुकानदार पितळी हँडल चिंधीने घासत बसला होता.

"पद्मिनीच्या दाराच्या पाट्या आहेत का?" मी विचारले.

"हैं। मगर जैसी आपकी सड़ी, वैसी मेरी सड़ी। लेके क्या करोगे?" असा विक्रेता मी मुंबईत प्रथमच पाहिला. मग त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "पुराना पुठ्ठा फेंकना मत, साहब। वही नक्शा है।"

माझा निम्मा खर्च त्या एका वाक्याने वाचला. त्याच्याकडून मी मूठभर स्प्रिंगच्या क्लिपा आणि काच वर-खाली करण्याचे एक हँडल घेतले, आणि कामाला लागलो.

ही पाटी म्हणजे काही गूढ वस्तू नव्हे. हार्डबोर्डचा पातळ तक्ता, त्यावर फोमचा थर, त्यावर रेक्झिन. हँडलमागची चकती आत दाबली की फटीत क्लिप दिसते. ती काढली, आर्मरेस्टचे स्क्रू काढले, मग रुंद पातळ पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ घालून पाटी हळूच उचकटली की दार उघडे पडते. आणि तिथे खरा रोग सापडतो. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरणारच. ते खालच्या भोकांवाटे निघून जावे, अशीच रचना असते. पाटीमागे पाणी अडवायला एक कागद किंवा प्लॅस्टिक लावलेले असते. मावशीच्या गाडीत भोके मातीने बुजलेली आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या झालेल्या. इतके पावसाळे तो हार्डबोर्ड पाणी पीत बसला होता. गॅरेजवाल्याच्या लांबलचक अंदाजपत्रकात या भोकांचा उल्लेखही नव्हता. ती साफ करायला मला एक तार पुरली.

आठ बाय चारचा, तीन मिलिमीटर जाडीचा एकच हार्डबोर्ड चारही पाट्यांना पुरला. जुनी पाटी वर ठेवून पेन्सिलने आखून घेतली. भोके मात्र दारावर धरून पुन्हा ताडून पाहिली, कारण फुगलेला नकाशा थोडी थाप मारतो. कापून झाल्यावर दोन्ही अंगांना, विशेषतः कडांना, व्हार्निशचे दोन हात दिले. नवी पाटी टिकते ती यामुळे. रेक्झिनच्या भारीपणावर ते फारसे अवलंबून नसते. तीन मीटर रेक्झिन आणले. उभ्या शिवणी गल्लीतल्या कुशनवाल्याकडून मारून घेतल्या. ते काम घरच्या शिलाई यंत्राचे नाही. चिकटवण्याचे द्रव्य दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासे झाले की मधून कडांकडे हात फिरवत बसवायचे. वळणावर मागच्या बाजूने कापडाला छोट्या चिरा द्यायच्या, म्हणजे घडी पडत नाही. दारावर नवे जाड प्लॅस्टिक आधी लावले, आणि मगच पाटी ठोकली.

चार दारांचा सारा खर्च गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही झाला नाही. मावसभावाने पावत्या दोनदा मोजल्या आणि भंगारवाल्याचा नंबर कुठेतरी हरवला, असे जाहीर केले.

मागच्या डाव्या दाराचे रेक्झिन मात्र जुनेच राहिले. ते फाटलेले नव्हते, नुसते मळलेले होते. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून मी ते नव्या तक्त्यावर पुन्हा चढवले. रंगात थोडा फरक दिसतो. मावशी त्याच दाराशी बसते, आणि तिने त्याबद्दल अजून तरी तक्रार केलेली नाही.