दुसऱ्याचा कोड, सगळ्यांचं जग

पुणे

चि. मल्हार,


तू पाठवलेली माइनक्राफ्टच्या मॉडची फाइल मी उघडली नाही आणि तूही उघडू नकोस. टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसानं दिलेली, वर ‘अँटिव्हायरस बंद करून टाक, नाहीतर चालणार नाही’ अशी सूचना असलेली जार फाइल सरळ डिलीट करायची. तू ती इन्स्टॉल करण्याआधी विचारलंस याचा मला फार आनंद झाला. फोनवरही सांगता आलं असतं, पण तुझ्या मेसेजमध्ये दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत: हा मॉड सुरक्षित आहे का, आणि तो वापरला तर तुमच्या सर्व्हरवरच्या बाकीच्यांना चालेल का. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, विश्वास, म्हणून हे सविस्तर पत्र.

मॉडच्या, म्हणजे खेळात खेळणाऱ्यांनीच केलेल्या बदलांच्या, मी विरोधात मुळीच नाही. खेळ विकत घेऊन त्याच्या पोटात शिरणाऱ्या, ‘इथे असं का नाही?’ म्हणून स्वतः बदल करून पाहणाऱ्या मुलांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफवर मॉड म्हणून काउंटर-स्ट्राइक बनवला. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीनं तो आपल्याकडे घेतला. तुझे बाबा ज्या पबजीपायी रात्री जागायचे, त्याचं मूळही असंच आहे. ब्रेंडन ग्रीननं आधी आर्मा २ या खेळाच्या डेझी नावाच्या मॉडवर आपला मॉड रचला, म्हणजे मॉडचा मॉड, आणि त्या कल्पनेतून २०१७ मध्ये पबजी आला. तू उद्या असं काही लिहायला घेतलंस तर पहिली खेळाडू मी असेन.

पण मॉड चालतो कसा, हे तुला नीट कळायला हवं. जार फाइल म्हणजे जावाचा प्रोग्रॅम. तो माइनक्राफ्टच्या आत सुरू होतो, पण माइनक्राफ्टपुरता बांधलेला नसतो. त्या कॉम्प्युटरवर तुला जे करता येतं, म्हणजे फाइली वाचणं, पुसणं, इंटरनेटवरून आणखी काही उतरवणं, ते सगळं त्यालाही करता येतं. फॅब्रिक किंवा फोर्जसारखे लोडर मॉड चालवून देतात, त्याच्या पोटात काय आहे हे तपासत नाहीत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे अ‍ॅडऑन वेगळे असतात. ते ल्युआ भाषेत लिहिलेले असतात आणि गेमनं दिलेल्या ठरावीक सोयींपलीकडे त्यांचा हात पोचत नाही. माइनक्राफ्टच्या फोनवरच्या बेडरॉक आवृत्तीतल्या अ‍ॅडऑनवरही बंधनं आहेत. जावा आवृत्तीत मध्ये ही भिंत नाही. तिच्यातले मॉड एवढे कमाल असतात ते यामुळेच, आणि धोकाही त्यातच आहे.

जून २०२३ मध्ये काय झालं ते ऐक. कर्सफोर्ज आणि बकिट या मॉड मिळण्याच्या नावाजलेल्या जागा. तिथल्या काही मॉडकर्त्यांची खाती चोरांच्या हाती लागली आणि जुन्या, लोकांच्या पसंतीच्या मॉडच्या नव्या आवृत्त्या म्हणून विषारी फाइली चढवल्या गेल्या. लाखो वेळा डाउनलोड झालेला एक मॉडपॅकही त्यात सापडला. ‘फ्रॅक्चरायझर’ या नावानं तो प्रकार ओळखला जातो. आतला मूळ कोड अगदी छोटा होता. तो एका ठरावीक पत्त्यावरून पुढचा तुकडा आणायचा, तो तुकडा त्यापुढचा, आणि शेवटचा टप्पा विंडोज असो वा लिनक्स, कॉम्प्युटरवरच्या सापडतील त्या जार फाइलींत स्वतःला घुसवायचा. ब्राउझरमधल्या कुकीज, डिस्कॉर्डचं लॉगिन, मायक्रोसॉफ्टचं खातं, सगळं उचलायचा. क्लिपबोर्डवर क्रिप्टोचा पत्ता कॉपी केला की तोही बदलायचा.

त्या चोरांना आवरलं कुणी? मुख्यतः मॉड बनवणाऱ्यांनीच. वेगवेगळ्या, एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या लाँचर आणि लोडरची मंडळी एकत्र बसली, कोड सोलून पाहिला, शोधून काढायची साधनं बनवून फुकट वाटली आणि काय घडलं ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहून ठेवलं. पगार नाही, मागणी नाही. सुरक्षेच्या कामात मी स्वतः आहे, आणि इतक्या चोख रीतीनं केलेलं असं काम मी क्वचित पाहिलंय.

कुकीज चोरीला जाणं हे तुझ्या घरी सगळ्यात महाग पडेल. तू खेळतोस त्याच लॅपटॉपवर बाबांचं नेटबँकिंग आहे, आईचं जीमेल आहे. ‘पण ओटीपी आहे ना,’ असं तू म्हणशील. नाटकाच्या मध्यंतरात बाहेर चहा पिऊन परत येताना दारावर फाडलेलं अर्धं तिकीट दाखवलं की पुन्हा कुणी काही विचारत नाही. लॉगिन झाल्यावर ब्राउझरमध्ये राहणारी कुकी तसलंच अर्धं तिकीट आहे. ते ज्याच्या हातात पडलं त्याला ना पासवर्ड लागत, ना ओटीपी. बँका लवकर लॉगआउट करतात, पण मेल आणि डिस्कॉर्ड कितीतरी दिवस उघडे राहतात, आणि मेल हाती आला की बाकीचे पासवर्ड बदलायला वेळ लागत नाही.

म्हणून आधी तुझ्यासाठी विंडोजमध्ये वेगळं युजर खातं काढ, अ‍ॅडमिन नसलेलं. आई-बाबांच्या ब्राउझरचा आणि तुझ्या खेळाचा संबंध तुटला की निम्मी काळजी मिटते. मॉड फक्त त्याच्या स्वतःच्या पानावरून किंवा मॉडरिंथ, कर्सफोर्जवरून घ्यायचा. गुगलवर नाव टाकल्यावर वर येणाऱ्या, दुसऱ्यांचे मॉड उचलून ठेवणाऱ्या साइटवरून नाही. २०२३ मध्ये चांगल्या जागीच घाण आली होती हे खरं, म्हणून नवी आवृत्ती निघाल्या निघाल्या उतरवायची घाई नको. दोन-चार दिवस थांबलास तर काही बिघडत नाही. ‘चीट’, ‘ऑटो’, ‘फुकट प्रीमियम’ म्हणवणाऱ्या फाइलींपासून तर दहा हात लांब राहा. २०२५ च्या जूनमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उघड केलेली चोरी गिटहबवर ठेवलेल्या अशाच खोट्या माइनक्राफ्ट मॉडमधून चालली होती, आणि तिचा पहिला टप्पा अँटिव्हायरसना दिसतही नव्हता. मोबाइलवरचे ‘मॉड एपीके’ही याच माळेतले.

कधी काही चुकून टाकलं गेलंच तर लगेच नेट बंद कर आणि बाबांना सांग. रागावतील म्हणून लपवू नकोस, तासागणिक नुकसान वाढतं. दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलायचे आणि ‘सगळीकडून साइन आउट’ दाबायचं. पैशांचं काही झालं असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे तुमच्या सर्व्हरवरच्या पार्थचं. एक्स-रे मॉड फक्त त्याच्या स्क्रीनवर बदल करतो, सर्व्हरला हातही लावत नाही, मग त्यात चूक काय, असं तो म्हणाला. तांत्रिकदृष्ट्या पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत. सर्व्हर प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला आसपासच्या जमिनीचा पूर्ण नकाशा पाठवतो, दगडाआड दडलेल्या हिऱ्यांसकट. साधा माइनक्राफ्ट ते दाखवत नाही, एक्स-रे दाखवतो. म्हणजे खेळणारा नियम पाळेल असं धरून सर्व्हरनं जे हाती दिलं, तेच त्यानं वापरून घेतलं. बाकीची मुलं उणे ५९ व्या थरावर लाव्हा चुकवत संध्याकाळ-संध्याकाळ खोदत होती, त्यांच्या त्या मेहनतीची किंमत पार्थच्या स्क्रीनवरच्या बदलानं उतरली. तुला पाहिजे तर सर्व्हरसाठी पेपर नावाचं सॉफ्टवेअर वापर. त्यात खोटे खनिजांचे ठोकळे पाठवून एक्स-रे निकामी करायची सोय आहे. पण सात मित्रांच्या सर्व्हरवर मी आधी बोलून पाहीन.

एकट्याच्या जगात काहीही कर, उड, हिऱ्यांचा पाऊस पाड. जिथे दुसरं कुणी आहे तिथे मात्र आधी विचारायचं. सोडियमसारखा, खेळ जुन्या लॅपटॉपवर नीट चालवणारा मॉड कुणाला खुपत नाही. मिनिमॅप मधला प्रकार आहे: रस्ता दाखवतो तोवर ठीक, पण भिंतीआडचा माणूस दाखवायला लागला की लढाईत अन्याय होतो. झेरोज मिनिमॅपच्या कर्त्यानं यासाठी वेगळी फेअर-प्ले आवृत्तीच काढलीय, तिच्यात माणसं दाखवणारं रडार आणि गुहांचा नकाशा नाही. मॉड बनवणाराच इतका विचार करतो हे मला फार आवडलं. हायपिक्सेलसारख्या मोठ्या सर्व्हरचे नियमही याच धर्तीचे आहेत. वेग वाढवणारं, दिसणं बदलणारं चालतं, इतरांवर कुरघोडी करू देणारं नाही.

सर्व्हर तुझा आहे म्हणून तुझ्यावरही बंधनं येतात. नवे ठोकळे आणणारा मॉड काढून टाकलास की त्या ठोकळ्यांनी बांधलेली घरं जगातून नाहीशी होतात. न सांगता मॉड काढणं म्हणजे तुमच्यातल्या सईनं दोन महिने खपून बांधलेली गिरणी पाडणं. आधी कळव, बॅकअप घे, मग बदल. आणि सगळे मॉड झिप करून ड्राइव्हवरून वाटतोस ते बंद कर. बऱ्याच मॉडकर्त्यांना आपल्या फाइली अशा परस्पर फिरवलेल्या चालत नाहीत, आणि त्यांना दुरुस्त आवृत्तीही पोचवता येत नाही. मॉडरिंथचा पॅक बनवलास तर त्यात मुख्यतः मूळ फाइलींचे दुवे असतात, प्रत्येकजण खरी प्रत उतरवून घेतो. मॉड कोसळला तर कर्त्याला लॉग आणि आवृत्ती कळव, ‘अपडेट कधी?’ म्हणून मागे लागू नकोस. ती माणसं नोकरी-अभ्यास सांभाळून हे करतात, आणि माइनक्राफ्टच्या अटींनुसार मॉड विकताही येत नाही.

पार्थला सगळ्यांदेखत सर्व्हरवरून काढू नकोस. तुमचा लेखी नियम नव्हता, त्याला एकट्याला भेटून सांग. हिरे परत सामाईक पेटीत टाकायला सांग, आणि चालणाऱ्या मॉडची यादी सातही जणांनी मिळून ठरवा. पार्थलाही त्या चर्चेत बसव, एक्स-रे कसा चालतो हे तुमच्यात त्यालाच सगळ्यात चांगलं ठाऊक आहे. तुमच्या सध्याच्या मॉडची यादी मला आवृत्तींसह पाठव, रविवारी आपण एकेक पाहू.



तुझी,
आत्या