घरात कशाला?

बिअर तयार करणे या क्रियेला मराठीत स्वतःचे क्रियापद नाही. दारू गाळतात, ताडी काढतात, लोणचे मुरवतात, दही विरजतात. बिअर मात्र आपण पितो किंवा पीत नाही, एवढेच. तिचा जन्म कसा होतो याविषयी भाषेने फारशी उत्सुकता दाखवलेली दिसत नाही. कारण उघड आहे. ती आपल्याकडे आली तीच मुळी कारखान्यातून, टोपण लावलेल्या बाटलीत. आमच्यापैकी एकाचे बालपण कन्नडला गेले, आणि कन्नडहून साठेक किलोमीटरवरच्या औरंगाबादेस (आताचे छत्रपती संभाजीनगर) जाणे म्हणजे मोठा प्रवास वाटे, त्या काळातही वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचे मोठे कारखाने आहेत हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक होते. कोणाचा तरी भाचा तिथे बाटल्यांच्या पट्ट्यावर कामाला असे. तो काय करतो हे विचारले की 'कंपनीत आहे' असे उत्तर मिळे. कोणती कंपनी, हा पुढचा प्रश्न शहाणी माणसे विचारीत नसत.

आम्ही दोघे इंग्लंडात, मिडलंड्स भागात राहावयास आलो आणि शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये पांढऱ्या प्लास्टिकची एक मोठी बादली पाहिली. तिच्या झाकणावरील पाण्याच्या नळीतून थांबून थांबून बुडबुडे येत होते. 'बिअर आहे,' तो म्हणाला. आपल्याकडे एखाद्याने 'भात शिजतोय' म्हणावे तसे. या देशात घरी बिअर करण्यास 1880 सालापासून परवाना लागत असे. 1963 साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो रद्द केला. तेव्हापासून स्वतःच्या पिण्यासाठी कोणीही हवी तितकी बिअर घरी करावी, फक्त विकू नये.

सुरुवात सर्वांची होते तशी आमचीही डब्यापासून झाली. 1.7 किलोचा एक डबा मिळतो. त्यात काकवीसारखा दाट, काळसर अर्क असतो आणि झाकणाखाली यीस्टची छोटी पुडी. अर्क गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, एकूण 23 लिटर होईल इतके पाणी ओतायचे, कोमट झाल्यावर यीस्ट भुरभुरायचे आणि झाकण लावून आठवडाभर विसरून जायचे. यात कौशल्य एकच, स्वच्छता. भांडे, नळी, चमचा, सारे निर्जंतुक हवे. बाकी सर्व काम डबा तयार करणाऱ्याने आधीच केलेले असते. तयार पिठाची इडली आणि घरी वाटून केलेली इडली यांत जो फरक, तोच येथे. वर्षभरात आम्हांला डब्याचा कंटाळा आला आणि आम्ही धान्याकडे वळलो.

तेथे मराठी एकदम उपयोगी पडू लागली. माल्ट म्हणजे दुसरे काय? मोड आणून वाळवलेले सातूचे, म्हणजे जवाचे, दाणे. दाण्याला मोड येऊ लागला की आतील पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी द्रव्ये तयार होतात. मोड योग्य वेळी थांबवून दाणे भट्टीत वाळवले की ती द्रव्ये झोपी जातात, आणि भरडलेला माल्ट 65 ते 67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की जागी होऊन आपले काम पुरे करतात. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घरांना यातील अर्धे शास्त्र न सांगता येते. मटकीला मोड आणणाऱ्या प्रत्येक घराला त्याची पहिली पायरी येते. आम्ही साधारण चार किलो फिकट माल्ट आणि पाव किलो तांबूस, कॅरॅमलच्या वासाचा क्रिस्टल माल्ट घेतो. तासाभराने खाली जे गोड पाणी उतरते त्याची चव उसाच्या रसाची नव्हे, गव्हाच्या खिरीची.

हॉप्सचे मात्र आपल्याकडे नातेवाईक नाहीत असे आम्हांस वाटत असे. मग कळले की हॉप्सची वेल आणि भांगेचे झाड एकाच कुळातील. अर्थात हॉप्समध्ये नशा नाही. त्याच्या हिरव्या, कागदी बोंडांत पिवळी पूड असते आणि तिच्यातील आम्ले तासभर उकळली की कडू होतात. हा कडूपणा माल्टच्या गोडव्यास आवर घालतो व बिअर टिकवतो. शेवटी, आच बंद करताना घातलेले हॉप्स कडूपणा देत नाहीत, केवळ वास देतात. आमची आवड केंट परगण्यातील गोल्डिंग्ज या जातीची; वास मंद, जरासा गवताचा, जरासा मधाचा. अमेरिकी हॉप्सचा तो लिंबू-संत्र्याचा गलका आम्हांस सोसत नाही. हा पूर्वग्रह आहे हे मान्य.

इथपर्यंत सारे स्वयंपाकघराच्या भाषेत सांगता येते. पुढचा शब्द आला की मराठी माणूस चाचरतो. आंबवणे. आपल्या भाषेत आंबणे आणि नासणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत आणि त्यांच्यामधील रेघ प्रत्येक गृहिणी नाकाने ओळखते. इडलीचे पीठ आंबते, दूध नासते. 'फर्मेंटेशन'ला पाठ्यपुस्तकांनी 'किण्वन' हा शब्द दिला. तो कृत्रिम वाटतो खरा, पण 'किण्व' हा फार जुना शब्द आहे आणि तो थेट सुरेच्या पाककृतीतून आला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात, मेदक नावाच्या पेयाचे प्रमाण दिले आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. किण्व उडीद आणि तांदूळ यांपासून करीत. उडीद, तांदूळ, पाणी आणि आंबण्यासाठी दिलेला वेळ! ही सामग्री पाहून ज्याला डोसा आठवणार नाही तो मराठी नव्हे.

त्याच प्रकरणात आणखी एक वाक्य आहे आणि ते वाचून आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो. सुरेवर राज्याची कडक देखरेख सांगणारा, कोणी किती प्यावी आणि कुठे बसून प्यावी हेही ठरवणारा हा ग्रंथ, कुटुंबवत्सल गृहस्थांना घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मोकळीक देतो. उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवस सवलतही देतो. मॉडलिंगसाहेबांच्या आधी दोन हजार वर्षांच्या आसपास हा विचार आपल्याकडे कागदावर, म्हणजे भूर्जपत्रावर म्हणा, उतरला होता. तो पुढे टिकला नाही. कन्नड तालुका निजामाच्या राज्यात होता, तेव्हा अबकारी हे दरबाराच्या उत्पन्नाचे मोठे साधन. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा इकडे लागू झाला. आज त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. त्याखाली परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे गुन्हा आहे, मग ते डोंगरकडेच्या वस्तीवरील मोहाचे असो की एखाद्या हौशी अभियंत्याच्या बादलीतील बिअर. म्हणून आम्ही हा उद्योग इंग्लंडात करतो. कन्नडला गेलो की चहा पितो.

(कन्नड तालुक्यातीलच पितळखोऱ्याच्या लेण्यांत एक यक्ष सापडला. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कान्हदास नावाच्या सोनाराने तो घडवला असे त्याच्या तळहाताच्या मागे कोरले आहे. बुटका, ढेरपोट्या, तोंडभर हसणारा, आणि डोक्यावर वाडगे. त्या वाडग्यात काय होते याविषयी लेख मौन पाळतो. आमचा संशय आम्ही आमच्यापाशीच ठेवतो.)

2016 च्या मे महिन्यात आई आमच्याकडे आली. एकाची आई, दुसऱ्याच्या सासूबाई. हाक दोघांचीही 'आई'च. त्या उन्हाळ्यात मराठवाडा होरपळत होता. लातूरला रेल्वेने पाणी नेले जात होते. जायकवाडीचा उपयुक्त साठा संपलेला होता. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी 50 टक्के, मग मे महिन्यात 60 टक्के कपात करण्याचा आदेश दिला होता. विमानतळावरून घरी येईपर्यंत आईने टँकर, हंडे आणि पाळ्या यांचेच सांगितले. आमच्या गच्च हिरव्या मागील अंगणाकडे तिने ज्या नजरेने पाहिले तीत कौतुक कमी होते.

बादली जिन्याखालच्या कपाटात होती. तिथे तिला वासानेच शोधले. झाकण उचलले नाही, पण नाक जवळ नेऊन म्हणाली, "कुरडईचा गहू भिजवलाय का गं? तिसऱ्या दिवसाचा वास येतोय."

वास अगदी तोच होता. तीन दिवस पाणी बदलत भिजवलेल्या गव्हाचा आंबूस, किंचित फळासारखा वास. बिअर आहे असे सांगितले तेव्हा ती मागे सरली. रागावली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "विकत मिळते ना इथं? मग घरात कशाला?"

हा प्रश्न सोपा नव्हे, हे तिचे आयुष्य ठाऊक असल्याने आम्हांला कळत होते. तिचा थोरला भाऊ, आमचे मामा, हातभट्टीने गेला. काळा गूळ आणि नवसागर यांची ती दारू. तिच्यात आणखी काय मिसळलेले असे देव जाणे. मामीने आणि गावातल्या दहा-बारा बायकांनी एके दिवशी मुसळे घेऊन ओढ्याकाठची भट्टी फोडली. त्यांत आई होती. पुढे राज्यात आडवी बाटली, उभी बाटली अशी मतदाने झाली, बायकांनी गावोगाव दुकाने बंद पाडली. त्या बातम्या ती कापून ठेवीत असे. त्या बायकांनी दारू जगातून घालवली नाही, ते त्यांच्या हाती नव्हतेच. त्यांनी ती उंबऱ्याबाहेर ढकलली. घर ही त्यांनी जिंकलेली एकमेव जागा होती. आणि आम्ही, शिकलेली मुले, जिन्याखाली बादली भरून तिला पुन्हा आत बोलावत होतो.

आम्ही युक्तिवाद केले. घरच्या बिअरमध्ये चार टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असते, काट्याने मोजून दाखवता येते: आंबण्यापूर्वी घनता 1.042, नंतर 1.010, फरकाला 131 ने गुणावे, 4.2 टक्के. धान्य आंबून विष होत नाही. 2015 साली मालवणीत शंभरावर माणसे मेली ती मिथेनॉलने, म्हणजे कारखान्यांत वापरायच्या रसायनाने. ज्याला एक पेला बिअरसाठी पाच आठवडे थांबावे लागते तो माणूस नशेसाठी पीत नसतो. हे सारे खरे आहे, आजही आम्ही त्यावर ठाम आहोत. आईने ऐकून घेतले. मग तिने विचारले, "भावजींनी पण असंच मोजून घेतलं असतं, तर तू त्यांना घरात करू दिली असतीस?" भावजी म्हणजे कोण हे येथे सांगत नाही. तिला उत्तर नको होते आणि आमच्याकडे ते नव्हते.

पुढच्या शनिवारी नव्या बिअरचा बेत होता. तो रद्द करावा असे आम्हांला वाटत होते, पण तीच म्हणाली, करा, मला बघू द्या. मोठे पातेले उकळले, हॉप्स पडले, घरभर वास सुटला. ती खुर्ची घेऊन दारात बसून होती. नंतर थंड करण्याची वेळ आली. उकळता काढा लवकर वीस अंशांवर आणावा लागतो, नाहीतर नको ते जंतू शिरतात. त्यासाठी तांब्याची गुंडाळलेली नळी त्यात बुडवून नळाचे गार पाणी सोडायचे आणि ते दुसऱ्या टोकाने मोरीत जाऊ द्यायचे. आम्ही नळ सोडला तशी ती उठली, फरशी पुसायची बादली धुऊन नळीखाली लावली. ती भरली, दुसरी लावली. पहिल्या कढत बादल्या तिने कपड्यांसाठी बाजूला ठेवल्या, मग अंगणातील झाडांना. तासाभरात दहा लिटरच्या अकरा बादल्या. "तेवीस लिटरला एकशेदहा," ती म्हणाली. "आणि तिकडं कोर्टाला सांगावं लागलं."

आम्ही नंतर थंड करण्याची रीतच बदलली. आता काढा उकळता असतानाच हवाबंद डब्यात भरतो आणि रात्रभर तसाच गार होऊ देतो. ऑस्ट्रेलियातील हौशी मंडळींनी ही रीत रूढ केली, तीही दुष्काळाच्या देशातून आलेली. पाणी लागत नाही. हॉप्सचा वास किंचित मंद होतो, कारण शेवटचे हॉप्सही गरम काढ्यात रेंगाळून थोडे कडू होतात. ते आम्ही कमी घालून सांभाळतो.

राहिला चोथा. दरवेळी चारेक किलो माल्टचा सहा-सात किलो ओला, गरम चोथा उरतो. तो आम्ही खताच्या ढिगावर टाकीत असू. कारखान्यांचा असा चोथा दुभत्या गुरांना घालतात हे आईला माहीत होते. "म्हशी नाहीत म्हणून फेकता?" तिने मूठभर उचलला, दाबला, चाखला. कुरडईचा चीक काढल्यावर उरलेल्या चोथ्याच्या ती भुसवड्या करते, तीळ-जिरे-मिरची घालून. "पण यात चीकच नाही राहिला," ती म्हणाली, "सगळं सत्त्व तुमच्या पाण्यात गेलं. ज्वारीचं पीठ घालावं लागेल, नाहीतर वडी धरणार नाही." ज्वारीचे पीठ आम्ही लेस्टरहून आणले. तीळ घरात होते. मागच्या अंगणात जुनी चादर अंथरून तिने वड्या घातल्या, आणि इंग्लंडच्या उन्हाचा नेम नसल्याने दर दोन तासांनी चादर आत-बाहेर करण्याचे काम आम्हां दोघांकडे लावून दिले.