पहाटे पाचची यादी

अंधेरी पूर्वेच्या एका खाजगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी काम करते. संगणकात येणाऱ्या तपासण्यांच्या ऑर्डरी सांभाळणं हे माझं काम. डॉक्टरांनी एकदा 'रोज सीबीसी' किंवा 'दर आठ तासांनी पोटॅशियम' असं टाकलं की पुढच्या सगळ्या वेळा सिस्टिम स्वतःच मांडते. पहाटे वॉर्डवार बारकोडची स्टिकरं छापली जातात, पाचच्या सुमारास कलेक्शनची मुलं ट्रे घेऊन निघतात आणि सकाळच्या राऊंडला रिपोर्ट तयार असतो. ही सोय फार मोलाची आहे. पूर्वी सिस्टर रोज कागदी फॉर्म भरायच्या. त्या धावपळीत एखादा राहून जायचा आणि पेशंटचा अख्खा दिवस वाया जायचा.

ऑर्डर सुरू करण्याची जबाबदारी डॉक्टरांची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती थांबवायची कुणी, हे मात्र कुठेच ठरलेलं नव्हतं.

पावसाळ्यात हे सगळ्यात जास्त दिसतं. मरोळ, साकीनाका, चकाल्याकडून डेंग्यूचे पेशंट येऊ लागले की प्लेटलेट्सच्या ऑर्डरींनी यादी भरून जाते. डेंग्यूत ताप उतरतानाचे एकदोन दिवस खरे जोखमीचे असतात. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्त घट्ट होतं. म्हणून त्या वेळी प्लेटलेट्सइतकंच हिमॅटोक्रिटकडे बघावं लागतं, आणि दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा. तेव्हा घेतलेला प्रत्येक थेंब कामाचा. पण पेशंट सावरला, जेवू लागला, प्लेटलेट्स चढू लागल्या, तरी यादीतली ऑर्डर तशीच चालू राहते. त्यावर बाकीच्या तपासण्याही चढत जातात. जांभळ्या बुचाची नळी 3 मिली, पिवळ्याची 4, निळ्याची 2.7, रोज जवळपास 10 मिली रक्त. आयसीयूत दोन आठवडे काढलेल्या माणसाचं 140 मिली गेलं. रक्तदानाची पिशवी 350 मिलीची असते, तेव्हा हे तिच्या पाचातले दोन भाग झाले, आणि तेही आधीच अशक्त असलेल्या शरीरातून. हा हिशेब मी वॉर्डांच्या बैठकीत फळ्यावर मांडला होता.

एका वर्षी जुलैत रात्रभर पाऊस कोसळला. अंधेरीचा सबवे बुडाला, पश्चिम रेल्वे रखडली, विरार-बोरिवलीहून येणारी सकाळची माणसं गाडीतच अडकली. मुलुंडची मुलगी कुर्ल्याच्या पुढे सरकेना. घाटकोपरचा एकजण तेवढा पोचला, कारण 2014पासून चालू असलेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो उन्नत मार्गावर आहे. यादी मात्र रोजच्याएवढीच लांब होती. रात्रपाळीच्या थकलेल्या माणसांकडून सगळं होणं शक्य नव्हतं. मग आम्ही एकेका वॉर्डला फोन लावून विचारलं, 'आज यातलं काय लागणारच आहे?' सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टरांनी केसपेपर बघून उत्तरं दिली. कितीतरी ऑर्डरींना 'आज नको' असं उत्तर आलं. ज्या उरल्या त्यांचे रिपोर्ट एरवीपेक्षा लवकर गेले. पाऊस नसतानाही हा प्रश्न रोज कुणीतरी विचारलाच पाहिजे, हे माझ्या मनात त्या सकाळी पक्कं झालं.

एक प्रसंग मला अजून सलतो. आयसीयूतल्या एक आजी रात्री गेल्या. त्यांच्या पुढच्या ऑर्डरी सिस्टिममध्ये तशाच होत्या. पहाटे त्यांच्या नावाची स्टिकरं निघाली, मुलगा ट्रे घेऊन बेडपाशी गेला आणि नियमाप्रमाणे नाव विचारलं. समोर त्यांची लेक पिशवीत सामान भरत होती. त्याने हात जोडून माफी मागितली. त्याचा काही दोष नव्हता. पेशंट गेल्याची किंवा डिस्चार्जची नोंद झाली की पुढच्या सगळ्या ऑर्डरी त्याच क्षणी बंद व्हाव्यात, यासाठी मी महिनोन्‌महिने पाठपुरावा केला. त्यातही काळजी घ्यावी लागते. घेऊन झालेल्या सॅम्पलची ऑर्डर बंद होता कामा नये, नाहीतर नळी मशीनवर असताना रिपोर्टच अडकतो. म्हणून 'न घेतलेल्या' आणि 'घेतलेल्या' असा फरक सिस्टिमला कळावा लागतो.

आता रोजच्या ऑर्डरीला तीन दिवसांची मुदत आहे. पुढे हवी असेल तर डॉक्टर पुन्हा टाकतात. यावर वाद झाला आणि तो योग्यच होता. हेपॅरिन चालू असताना तपासणी चुकली तर रक्तस्राव होऊ शकतो, डायबेटिक किटोअॅसिडोसिसमध्ये इन्सुलिन चालू असताना पोटॅशियम झपाट्याने घसरतं. अशा ऑर्डरी मुदतीतून वगळल्या. त्या उपचाराबरोबरच संपतात.

घड्याळाची भानगड याहून किचकट. व्हँकोमायसिनची पातळी चौथ्या डोसच्या साधारण अर्धा तास आधी बघतात. डोस दोन तास पुढे गेला आणि सॅम्पल जुन्याच वेळेला घेतलं, तर आकडा दिसायला नीट दिसतो पण त्यावरून काही ठरवता येत नाही. टॅक्रोलिमसचं सॅम्पल सकाळची गोळी घेण्याआधी हवं. अशा तपासण्या घड्याळाऐवजी औषधाला बांधल्या पाहिजेत. आमच्याकडे ते अजून पूर्ण झालेलं नाही, तोवर सिस्टर फोन करतात आणि मी हाताने वेळ बदलते.

डायलिसिसचं तेवढं जमलं. पूर्वी तिथली मासिक ऑर्डर एक तारखेला पडायची. ज्यांची पाळी मंगळवार-गुरुवार-शनिवारची त्यांना एक तारीख सोमवारी आली की नुसत्या सुईसाठी घाटकोपरहून रिक्षा करून यावं लागायचं. आता ऑर्डर तारखेला नसून महिन्याच्या पहिल्या डायलिसिसला लागते. सुरू होण्याआधीचं आणि संपल्यानंतरचं युरिया अशी दोन्ही स्टिकरं एकत्र निघतात, आणि सॅम्पल डायलिसिसच्याच लाइनमधून घेतात. परवा एका काकूंनी विचारलं, 'या महिन्यात वेगळं यायचं नाही ना?' मी म्हटलं, 'नाही काकू, तुमच्या पाळीलाच होईल.'