रकाना नसलेली वही

महाविद्यालयात नॅकची समिती येणार असली की वर्षानुवर्षे न उघडलेली कपाटे उघडावी लागतात. आमच्या मराठी विभागाचे कपाट आवरताना जुनी भित्तिपत्रके, कुठल्याशा चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिका आणि वाळवीने कोपरे खाल्लेल्या हजेरीपटांच्या तळाशी एक चित्रकलेची वही हाती आली. वही कोणाची हे मुखपृष्ठ न वाचताच ओळखले, आणि कपाट आवरण्याचे काम त्या दिवसापुरते तिथेच थांबले.

ही वही २०१७ साली बी. ए.च्या शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थ्याने माझ्याकडे आणून दिली होती. मन्याड नदीच्या खोऱ्यातील एका लहानशा गावाहून तो रोज कंधारला येत असे. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, विचारल्याशिवाय न बोलणारा मुलगा. वहीत त्याने आदल्या वर्षीच्या उन्हाळ्याची कथा चित्रांतून सांगितली होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, तोच हा उन्हाळा. त्या गाडीची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. या वहीत मात्र गाडी कुठेच नव्हती. होती ती त्याच्या गावातील टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींची रांग. एका पानावर सारख्या मापाच्या आठ चौकटी. आठही चौकटींत तीच रांग, तेवढ्याच घागरी. बदलत होती ती केवळ लिंबाच्या झाडाची सावली. शेवटच्या चौकटीत एक रिकामी घागर वाऱ्याने आडवी झालेली. संपूर्ण पानावर एकही अक्षर नव्हते.

"सर, याचं पुस्तक होईल का?" त्याने विचारले होते.

वाङ्मयाच्या अध्यापकाला अशा प्रश्नाचे एक तयार उत्तर ठाऊक असते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. ज्याचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही अशा लेखकाला पहिल्या पुस्तकासाठी साहाय्य करणारी ही योजना. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय, ललितगद्य हे तिचे वाङ्मयप्रकार. खेड्यापाड्यांतील कितीतरी लिहित्या हातांना पहिले पुस्तक या योजनेमुळे पाहता आले, हे मराठवाड्यातील अध्यापकाला वेगळे सांगावे लागत नाही. ती साहित्यासाठी आहे आणि तिने साहित्याचेच प्रकार मोजावेत, यात गैर काही नाही. गैर घडले ते माझ्याकडून. मी त्याला म्हणालो, "अरे, चित्रं चांगली आहेत, पण हेच शब्दांत लिहून काढ. कवितासंग्रह होईल, आपण अनुदानासाठी पाठवू."

तीन महिन्यांनी तो तीसेक कविता घेऊन आला. घागरींच्या त्या पानाची कविता झाली होती आणि तिचे शीर्षक होते 'प्रतीक्षा'. तिच्यात तहानलेली धरणी होती, कोरडे आभाळ होते, बळीराजाही होता. सावली तेवढी नव्हती. मी ऱ्हस्वदीर्घ तपासले, दोन-तीन प्रतिमा सुचवल्या आणि मनोमन समाधान पावलो. अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा त्यानेच माघार घेतली. "सर, माझं मलाच वाचवंना झालंय," एवढेच म्हणाला. वही माझ्याकडेच राहिली. पुढे तो नांदेडला फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागला. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक तयार करू लागला.

आपल्याकडे पुस्तकाला साहाय्य देण्याची परंपरा जुनी आहे. पेशवाईतील श्रावणमासाच्या दक्षिणेचा काही भाग इंग्रजी अमदानीत मराठी ग्रंथांकडे वळला आणि १८५१ साली पुण्यात दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. शास्त्र्यांच्या पाठांतराला मिळणारा पैसा लेखकाच्या लेखणीकडे वळवणे हे त्या काळातील धाडसच होते. म्हणजे अनुदानाचा प्रवाह वळवता येतो, हे आपल्याच इतिहासात नोंदलेले आहे. पण वळून वळून तो अक्षरापाशी येऊन थांबला.

चित्रकारासाठी असा प्रवाह अन्यत्र वळला होता, हे मला फार उशिरा कळले. १९८४ साली पीटर लेअर्ड आणि केविन ईस्टमन या दोन अमेरिकी तरुणांनी करपरताव्याची रक्कम आणि ईस्टमन यांच्या काकांकडून घेतलेले उसने पैसे एकत्र करून स्वतःच्या चित्रकथेचा पहिला अंक स्वतः छापला. ही चित्रकथा म्हणजे पुढे जगभरच्या मुलांना परिचित झालेली निन्जा कासवे. तिच्यावर मिळालेल्या पैशातून लेअर्ड यांनी 'झेरिक फाउंडेशन' स्थापन केले आणि १९९२ पासून स्वतःच्या चित्रकथा स्वतः छापू पाहणाऱ्यांना छपाईसाठी अनुदान देण्यास आरंभ केला. जीन लुएन यांग यांना १९९७ मध्ये हे अनुदान मिळाले. यांग यांनी पुढे अनेक वर्षे शाळेत संगणक शिकवला आणि २००६ साली त्यांची 'अमेरिकन बॉर्न चायनीज' ही चित्रकादंबरी अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथ पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली; तेथवर गेलेली ती पहिली चित्रकादंबरी. 'झेरिक' या इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात पाहिला, तर तो निघाला अत्यल्प पाण्याचा प्रदेश, किंवा अशा प्रदेशात तग धरणारे. कोश मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

मराठीत व्यंगचित्रकारांची वाण कधीच नव्हती. शि. द. फडणीसांच्या चित्रांनी 'मोहिनी'ची मुखपृष्ठे सजवली आणि सत्तरीच्या दशकात बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतून ती खेड्यातल्या शाळांपर्यंत पोहोचली. वसंत सरवट्यांनी रेषेबरोबर तिची मीमांसाही दिली. परंतु बहुतेकांचे घर हे नियतकालिकांचे, त्यातही दिवाळी अंकांचे. संपादक देईल त्या जागेत चित्र बसवायचे. ज्यांना स्वतःची जागा हवी होती त्यांना स्वतःचे नियतकालिकच काढावे लागले. बाळ आणि श्रीकांत ठाकरे या बंधूंनी १९६० च्या ऑगस्टमध्ये 'मार्मिक' काढले ते असेच. मुंबईत ते शक्य झाले. कंधार तालुक्यातल्या मुलाने साप्ताहिक काढावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. त्याच्यासाठी चाळीस पानांचे एक पुस्तक पुरेसे होते.

लेअर्ड यांनी २०१२ मध्ये हे अनुदान थांबवले. आता महाजालावर जवळजवळ विनाखर्च प्रकाशित करता येते, तेव्हा हा पैसा अन्य गरजूंकडे जावा, असा त्यांचा विचार होता. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने वही आणली तेव्हा ते बंद होऊन पाच वर्षे लोटली होती. त्यांचे म्हणणे चूक नाही. तरीही मला वाटते, अनुदानाने मिळते ते केवळ छपाईचे बिल नसते. तुझे काम जसे आहे तसे पुस्तक व्हावे, असे कोणीतरी परक्याने म्हटलेले असते. शिवाय त्या आठ चौकटी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकामागून एक सरकवल्या तर सावलीचे सरकणे हरवते; आठही एकाच वेळी डोळ्यांसमोर असल्या तरच वाट पाहण्याची लांबी कळते. ती कथा कागदाच्या पानासाठीच रचलेली आहे.

हे सारे आज मला सुचते आहे. तेव्हा माझ्यापाशी आलेली वही मी वाङ्मयप्रकारांच्या यादीशी ताडून पाहिली, आणि यादीत रकाना नाही म्हणून वही बदलायला सांगितली. वर्गात फलकावर 'आशय आणि अभिव्यक्ती यांची अभिन्नता' असे लिहून त्यावर तासच्या तास बोलणारा मी, ती अभिन्नता प्रत्यक्ष हाती आल्यावर मला ओळखता आली नाही.

त्याच संध्याकाळी त्याला दूरध्वनी केला. मागे छपाईयंत्राची घरघर चालू होती.

"ती वही अजून हाय का सर?" त्याने विचारले. मी सांगितले की आहे, आणि ती जशी आहे तशीच छापावी असे मला वाटते; कोणाचे अनुदान मिळाले तर उत्तमच, नाहीतर आम्ही दोघे-चौघे अध्यापक मिळून वर्गणी काढू. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत एक सतरंजी टाकून विकायला बसू, असेही बोलून गेलो. तो हसला. मग थोडा वेळ नुसती घरघर ऐकू येत राहिली.

"चालंल सर," तो म्हणाला. "पण प्रस्तावना लिहू नका."

मी तसे कबूल केले आहे.