माळ्यावरची पत्र्याची पेटी

वरळीच्या बीडीडी चाळींत सध्या सामानाची बांधाबांध चालू आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पुनर्विकासातील पहिल्या ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाण्याचा आनंद मोठा आहे. मात्र या घाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी रद्दीत जाण्याचे भय असते. आणि एकोणिसाव्या शतकातील पूर्वजाकडे जाणारी वाट बहुधा तिच्यातूनच निघते.

गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी उभारल्या. वरळीत अशा १२१ इमारती. प्रत्येकीत तळमजला व वर तीन मजले. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार येथे विसावले. अर्थात १८७० च्या सुमारास जन्मलेला खापरपणजोबा या चाळीत सापडणार नाही. सापडेल ते त्याच्या गावाचे नाव. जुनी भाडेपावती, गिरणीतील नोकरीचा कागद, शाळा सोडल्याचा दाखला, गावकरी मंडळाची वर्गणीवही यांत ते असते. अनेक खोल्यांत एकाच गावची माणसे राहत असल्याने शेजारचे वृद्धही मोलाचे साक्षीदार ठरतात.

गाव कळले की तहसील कार्यालय गाठावे. कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. जमीन असल्यास फेरफार पाहावा. मयताचे नाव व त्याचे वारस एकाच नोंदीत मिळून दोन पिढ्या जोडल्या जातात. जुने कागद पुष्कळदा मोडी लिपीत असल्याने जाणकाराची मदत घ्यावी. १८९६ च्या प्लेगात असंख्य लोक मुंबई सोडून गावी गेले. म्हणून त्या काळातील मृत्यूची नोंद शहर आणि गाव अशा दोन्ही ठिकाणी शोधावी.

नामसाधर्म्यावर मात्र विसंबू नये. जुन्या नोंदींत आडनाव नसते किंवा निराळे असते. रोजमेळ आणि खतावणी जुळल्याशिवाय व्यापारी हिशेब मान्य करत नाही. तसे दोन स्वतंत्र कागद जुळल्याशिवाय नाते मान्य करू नये.

हा केवळ हौसेचा विषय नाही. जातपडताळणीत अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या, तर इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. फेकून दिलेल्या एका कागदावर नातवाचा प्रवेश अडू शकतो.

आपल्या समाजातही जुन्या पेढ्या आणि वाडे रिकामे होत आहेत. चोपडे, लग्नपत्रिका, वहीवंचांच्या नोंदी, मंदिरातील मूर्तिलेख यांत आपले पूर्वज आहेत. विक्रम संवतातून ५७ आणि वीर संवतातून ५२७ वजा केले की इसवी सन मिळतो; वर्षारंभ भिन्न असल्याने एका वर्षाचा फरक संभवतो. उदाहरणार्थ, संवत १९३५ म्हणजे १८७८-७९.

ज्ञानपंचमीला वा श्रुतपंचमीला आपण ग्रंथ बाहेर काढतो, धूळ झटकतो, नवे वेष्टन घालतो. त्याच दिवशी घरातील पेटीही उघडावी. प्रत्येक कागदाचे छायाचित्र घ्यावे, आजोबांना नावे विचारून मागे लिहून ठेवावीत. कागद पुढच्या वर्षीही राहील. तो वाचून ‘हे माझे काका’ असे सांगणारे असतीलच असे नाही.