बरणीचे माहेर

मराठी समीक्षेने साहित्यकृतीच्या रूपासाठी ‘घाट’ हा शब्द रूढ केला, तो भांड्याच्या घडणीवरून. घाट आणि आशय एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, हे मी वर्गात अनेक वर्षे शिकवले आणि ते सिद्ध करणारी उदाहरणेही दिली. स्वयंपाकघरातील एक भांडे मात्र या सिद्धान्ताला सहजी वश होत नाही. ते म्हणजे लोणच्याची बरणी. घाट एकच, आशय दरवर्षी नवा. आणि तरीही मागच्या आशयाचा काही अंश पुढच्यात उतरल्यावाचून राहत नाही.

आमच्या घरातील मोठी बरणी नागपूरहून आली. राज्यपुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, त्याचे उच्च न्यायालय जबलपूरला स्थापन झाले आणि न्यायालयीन नोकरीतील अनेक मराठी कुटुंबांबरोबर आमचेही बिऱ्हाड हलले. भोसल्यांच्या अमदानीपासून या शहरात मराठी वस्ती होती, तरी आईला हा परमुलूखच वाटला. गोंदियाहून अरुंद रुळांच्या गाडीने येताना तिने ती बरणी गोधडीत गुंडाळून मांडीशी धरली होती, असे घरात सांगत.

पुढे एका उन्हाळ्यात बरणी धुताना ती पालथी केली, तेव्हा बुडाशी उमटवलेली झिजकी इंग्रजी अक्षरे वडिलांनी वाचली. तो जबलपूरच्याच कारखान्याचा ठसा होता. बर्न कंपनी, परफेक्ट पॉटरी ही या शहरातील मृत्तिका-उद्योगाची जुनी नावे. भोवतालच्या टेकड्यांत पांढरी माती विपुल. सांडपाण्याचे नळ, कौले, बरण्या असा माल येथून दूरदूर जाई. आम्ही परक्या गावी आलो होतो आणि बरणी माहेरी आली होती! आई त्या दिवशी पुष्कळ हसली. त्यानंतर ‘तुमचे जबलपूर’ असे तिने कधी म्हटल्याचे मला आठवत नाही.

या बरणीचा पृष्ठभाग तपकिरी असून संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीत आहे. ही मिठाच्या झिलईची खूण. भट्टी पुरती तापली की तीत मीठ टाकतात. त्यातील सोडियम मातीतील सिलिकेशी संयोग पावते आणि भांड्यावर काचेचा पातळ थर चढतो. आंबटाला आणि खाराला पितळ-तांब्याची भांडी दाद देतात, हा थर देत नाही. मिठाने घडलेले पात्र मिठावर टिकणाऱ्या पदार्थाला आश्रय देते, यात एक न्याय आहे.

जुनी बरणी नव्या लोणच्यासाठी सिद्ध करण्याचा एक क्रम असे. आधी बोटाच्या पेराने वाजवून पाहायचे. खणखणीत नाद आला तर बरणी शाबूत. बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा. चिरेत मुरलेले तेल खवट होते आणि नव्या लोणच्याला बाधते, म्हणून तडकलेल्या बरणीची रवानगी डाळी-कडधान्यांकडे होई. मग कढत पाणी, मग दिवसभराचे कडक ऊन, कारण ओलाव्याचा एक थेंबही बुरशीला पुरतो. शेवटी निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून त्यावर बरणी पालथी धरायची. लोणचे भरल्यावर वर तेलाचा थर आणि तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा. या क्रमाबरोबर निषेधही येत. महिन्यातले चार दिवस आम्हा मुलींना बरणीच्या आसपास फिरकू देत नसत. हात लावल्याने लोणचे नासत नाही, हे आम्ही पुढे हात लावूनच सिद्ध केले. बरणी ठेवली, निषेध टाकला.

शेजारच्या हिंदी घरांतील वृद्धा बरणीला ‘मर्तबान’ म्हणत. ब्रह्मदेशातील मर्तबान बंदराचे नाव तेथून जाणाऱ्या मोठ्या रांजणांना मिळाले. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने सागरप्रवासासाठी खारवलेले आले, मिरी, लिंबू आणि आंबा भरलेल्या चार मर्तबानांचा उल्लेख केला आहे. घर सोडून निघालेल्या माणसाच्या सामानात लोणचे असते, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

पुढे हॉर्लिक्सच्या आणि कॉफीच्या रिकाम्या बाटल्या फडताळात आल्या. अमेरिकेत मेसनने आट्याच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट १८५८ मध्ये घेतले. तेथील मुरंबे-भाज्यांची सारी भिस्त हवाबंद झाकणावर. आमच्या लोणच्याची भिस्त मीठ, तेल आणि आंबटपणा यांवर. म्हणून त्याला दुसऱ्याची टाकलेली बाटलीही चालते. फक्त पत्र्याचे झाकण खाराने गंजते, म्हणून आई त्याखाली मेणकागद घाली.

आईच्या पश्चात भावंडांनी मोठी बरणी माझ्याकडे सोपवली. अशा बरण्या आता जुन्या वस्तूंच्या दुकानात दिसतात आणि दिवाणखान्यात फुलदाणी म्हणून मिरवतात. तसा सल्ला मलाही मिळाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्ही जबलपूरकरांनीही मानला. परंतु आमच्या घरांतील तिसऱ्या पिढीला देवनागरी येते ती हिंदीची. मराठी पुस्तक ती उघडत नाही. सन्मान झालेली वस्तू उंच फळीवर जाते, ही भीती मला भाषेच्या बाबतीतही वाटते. ग्रंथ काय, बरणी काय, तिच्यात काही मुरत असेल तोवरच ती जिवंत.

म्हणून बरणी वापरात आहे. माझी सून याच शहरातील, हिंदी घरातली. यंदाच्या कैऱ्यांचे लोणचे तिने घातले. मोहरीचे तेल, बडीशेप, कलौंजी. आमच्या लोणच्यातील मोहरीची डाळ आणि हिंग त्यात गौण. ती त्याला ‘अचार’ म्हणते आणि तो उत्तम झाला आहे. ‘दादरा’ हा शब्द तिने प्रथम ऐकला तेव्हा तिला हसू आले होते. तिच्या लेखी दादरा हा गाण्याचा प्रकार. आता मात्र बरणी भरून झाली की ती मुलाला हाक मारून सांगते, ‘ज़रा दादरा बाँध दो।’ आणि तिच्या मुलाला तो नीट बांधता येतो.